पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून इन्सुलेशन चालेल का?

इंदिरानगरकर
नाशिक, जी प्लस वन बंगला. आरसीसी फ्रेम, नऊ इंची वीट, बाहेरून टेक्स्चर पेंट. मे महिन्यात पश्चिमेची भिंत रात्री दहालाही आतून गरम लागते. ठेकेदार ५० मिमी थर्माकोल, वर जाळी आणि प्लास्टर सुचवतोय. पावसाळ्यात ह्याच भिंतीला आतून पोपडे येतात. भिंत योग्य आहे हे कसं ठरवायचं?

वीटमाती
पोपडे आहेत तोवर थांबा. ओल दोन-तीन फुटांपर्यंतच असेल तर जमिनीतून चढतेय. स्लॅबखाली असेल तर गच्चीचा वाटा (गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्यातला गोलाईचा गिलावा) किंवा पॅरापेट, म्हणजे कठडा, बघा. खिडकीच्या खाली असेल तर सिल, म्हणजे खिडकीखालची पट्टी. नाशकात पावसाचा मारा पश्चिमेकडूनच, त्यामुळे गिलाव्यातल्या केसाएवढ्या भेगाही पुरतात. ओली भिंत बाहेरून झाकली की तिला वाळायला फक्त आतली बाजू उरते, पोपडे वाढतात.

मग हातोडीने ठोकत जा. बद्द आवाज आला तिथला गिलावा काढून नवा करा. शेवटी पेंट: चिकट मसाल्याने थर्माकोलचे वीतभर तुकडे चार-पाच ठिकाणी चिकटवा, आठवड्याने ओढा. थर्माकोल फाटलं तर ठीक. पेंटसकट निघालं तर पेंट खरवडावाच लागेल, मसाला कितीही भारी असो.

साइडमार्जिन
जाडीही मोजा. भिंत साधारण ६० मिमी पुढे येते. सिल आणि छज्जा त्याच्या बाहेर उरले नाहीत तर पाणी थराच्या मागे शिरतं. ग्रिल, पाइपाचे क्लॅम्प, एसीचं ब्रॅकेट सगळं काढून लांब बोल्टवर बसवावं लागेल; कोटेशनमध्ये हे बहुतेक वेळा नसतं.

पॅकिंगचं थर्माकोल नको, आग न पसरवणारा ग्रेड मागा. चिकट मसाला थर्माकोलच्या शीटच्या कडेने सलग आणि मध्ये तीन गोळे, किमान ४० टक्के भाग चिकटला पाहिजे. नुसते गोळे मारले तर मागे हवा खेळते. शीट भिंतीला धरून ठेवायला चौरस मीटरला सहा फास्टनर. फायबरची जाळी चौरस मीटरला १६० ग्रॅमची, जोडावर १० सेंमी एकावर एक, खिडकीच्या कोपऱ्यांवर तिरका तुकडा, नाहीतर तिथूनच भेग जाते. जमिनीपासून फूटभर वर सुरुवात करा, वाळवी थर्माकोल पोखरते.

इंदिरानगरकर
फरक किती पडेल? झोपायची खोली वरच्या मजल्यावर आहे.

वीटमाती
भिंतीतून येणारी उष्णता ढोबळमानाने पाऊणपट कमी होईल. पण वरच्या मजल्यावर खरी गुन्हेगार स्लॅब. आधी गच्चीचं इन्सुलेशन करा, भिंतीला फिकट रंग द्या, एक उन्हाळा काढून बघा. भिंतीचं काम तरीही लागलंच तर दिवाळीनंतर, पावसाची ओल सुकल्यावर घ्या.