भाजीच्या तीनचाकी सायकलला मोटर किती वॅटची, बॅटरी केवढी?

वडील साताऱ्यात तीनचाकी सायकलवर भाजी विकतात, वय ६२, गुडघे गेलेत आता. गाडी, माल, माणूस धरून ३५० किलो होतं, दिवसाला ३० किमी फिरणं आणि मधे चढ आहेतच. दुकानदार म्हणतोय २५० वॅटची हब मोटर (चाकातच बसवलेली) बास, खरंच ओढेल का?

उत्तर १: नाही ओढणार दादा. १०० मीटरला ६ मीटर चढ धरला तर ताशी १० किमीने ३५० किलो वर न्यायलाच साधारण ५७० वॅट लागतात, वर टायरचं घर्षण, म्हणजे ७०० च्या पुढे. हजार वॅटची घे, पण गिअरवाली डिफरन्शियल मोटर, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलला गिअरने जोडलेली. हब मोटर हळू चढावर नुसती तापते, माझी तापून आतल्या वायरींचं प्लास्टिक वितळलं होतं, करपट वास दोन दिवस जाईना.

उत्तर २: बॅटरीचं सांगते. भरल्या गाडीला किमीला ४० वॅट-अवर (वीज मोजायचं माप) धरा, ३० किमीचे १२००. ४८ व्होल्ट ४० एएचची (अँपिअर-अवर) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे ४८ गुणिले ४०, १९२० वॅट-अवर, थोडी शिल्लक राहते ती राहू दे, पुढे क्षमता कमी होतेच. लेड अ‍ॅसिड स्वस्त पडते पण रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर बसते आणि वजन किती! बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, निदान ४० अँपिअरचा बघा, चढावर करंट एकदम वाढतो.

उत्तर १: आणि ब्रेक आधी बदल रे, उतारावर सायकलच्या रबरी ब्रेकने एवढं वजन थांबत नाही. आरटीओतही आधी विचारून घे.