उदास म्हणजे दुःखी नव्हे

'उदास' या शब्दाचा अर्थ सरळ 'दुःखी' असा दिला जातो, तो मला पटत नाही. दुःखाला कारण असतं, माणूस रडतो, बोलतो. उदास माणसाला काही नकोच असतं.

मूळ संस्कृत 'उद् + आस्', म्हणजे बाजूला, अलिप्त बसणं. तुकोबांच्या 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' मध्ये तोच अर्थ आहे: पैसा नीट कमवा, पण त्यात जीव न अडकवता खर्च करा. तिथे रडवेपणाचा मागमूसही नाही. आम्हा नाशिककरांना तर हा अर्थ दर सिंहस्थात भेटतो. त्र्यंबकला कुशावर्तावर उदासीन आखाड्यांचे साधू स्नानाला येतात. ते विरक्त असतात, दुःखी नव्हे.

मग आजचा अर्थ आला कुठून? मला वाटतं, मन बाजूला बसलं की आनंदही सुटतो, तिथून.

निफाडकडे आमच्या मामांची द्राक्षबाग गारपिटीत गेली, तेव्हा मी तिथेच होतो. मामा रडले नाहीत. ओट्यावर बसून होते, हातातल्या चहावर साय धरली होती. मामी आत येऊन हळूच म्हणाली, "हे फार उदास झालेत रे." तिथे 'दुःखी' शब्द चाललाच नसता.

जागेसाठी मात्र आमच्याकडे 'उदास'पेक्षा 'भकास' जास्त चालतं. लग्नाचा मांडव उतरवल्यावरचं अंगण भकास, आणि तिथे बसलेली नवरीची आई उदास.