शब्दचर्चा : ‘कोसेई’ला मराठीत काय म्हणायचं? (आणि तोदोरोकींच्या घरातली नावं)

उंबरठा :
भाची सातवीत आहे. सुट्टीत आमच्याकडे आली की ‘माय हीरो अकॅडेमिया’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका लावून बसते. शेजारी तिची आजी, म्हणजे माझी आई, आणि आजीला सगळं मराठीत सांगायचं काम माझ्याकडे.

पहिल्याच भागात अडलो. या जगात ऐंशी टक्के माणसांना उपजत काहीतरी येत असतं. कुणाच्या तळहातातून स्फोट होतात, कुणाची जीभ बेडकासारखी लांब होते. याला मूळ जपानीत ‘कोसेई’ म्हणतात, इंग्रजीत ‘क्वर्क’. मी ‘शक्ती’ म्हणालो, तर भाची म्हणे, “शक्ती नाही रे मामा, ते वेगळं.” मग ‘लकब’ म्हणून पाहिलं. आई म्हणाली, “लकब म्हणजे तुझ्या बाबांची चहा बशीत ओतून फुर्र करायची. त्यात स्फोट कुठला?”

शब्द सुचवा. आणि मालिकेतल्या तोदोरोकी कुटुंबातल्या नावांचे अर्थही हवेत, आजी रोज विचारते.

जुनी_वही :
‘को’ म्हणजे एकटी व्यक्ती, ‘सेई’ म्हणजे प्रकृती, स्वभाव. रोजच्या जपानीत कोसेई म्हणजे माणसाचं स्वतःचं वेगळेपण. ‘क्वर्क’मध्ये जो तऱ्हेवाईकपणा आहे तो मूळ शब्दात नाही. मूळ लेखक होरिकोशींनी अतिशय साधा, शाळेच्या प्रगतिपुस्तकात शोभेल असा शब्द घेतलाय, गंमत त्यातच आहे.

माझं मत ‘गुण’. हातगुण, पायगुण, औषधाला आलेला गुण, सगळीकडे काहीतरी घडवून आणणारी गोष्ट असाच अर्थ आहे. शिवाय ‘मुलगा कुणाच्या गुणावर गेलाय’ हे आपण म्हणतोच, आणि या कथेत कोसेई आईबापांकडूनच येतो. कथेतलं मुख्य पोरगं इझुकू, त्याची आई इन्को लहानसहान वस्तू स्वतःकडे ओढून घेते (तिच्या नावातली पहिली खूण, म्हणजे जपानी चित्राक्षर, ‘ओढणे’ अशीच आहे), बाप तोंडातून आग काढतो आणि पोरगं ना आईच्या गुणावर ना बापाच्या. डॉक्टर चार वर्षांच्या पोराच्या पायाच्या करंगळीचा एक्स-रे दाखवून सांगतो, हिला दोन सांधे आहेत, आता काही येणार नाही. ते दृश्य ‘गुण’ हा शब्द घालून सांगून पाहा, आजीला टोचेल.

तिठा :
‘गुण’ छान आहे, पण दोन अडचणी. एक, ही शाळेची गोष्ट. प्रवेशपरीक्षेत “त्याला गुण नाही पण गुण मिळाले” असं वाक्य तयार होणार. दुसरी अडचण जास्त मोठी. ज्याला कोसेई नाही तो ‘मुकोसेई’. म्हणजे निर्गुण? आपल्याकडे निर्गुण म्हटलं की थेट परब्रह्म. इझुकू मिदोरियाला एवढी बढती नको.

जुनी_वही :
मग ‘निर्गुणी’ म्हणा. माझी आत्या तिच्या धाकट्या दिराला उठता बसता निर्गुणी म्हणायची, त्यात परब्रह्म औषधालाही नव्हतं. :) इझुकूचा वर्गमित्र कात्सुकी बाकुगो ज्या सुरात त्याला ‘देकू’ म्हणतो तो सूर हाच. इझुकू ज्या दोन खुणांनी लिहितात त्या ‘देकू’ अशाही वाचता येतात, आणि देकू म्हणजे लाकडी बाहुली. ‘देकूनोबो’ म्हणजे कामाचा ना धामाचा, नुसता ठोकळा. पुढे ओचाको उराराका या वर्गमैत्रिणीला तेच नाव ‘देकिरु’, म्हणजे ‘जमेल’, या शब्दासारखं ऐकू येतं आणि पोरगा ते नाव मिरवायला लागतो. हे मराठीत आणायचं कसं ते मला अजून सुचलेलं नाही.

जाता जाता : देकू, डेकू नव्हे. मिदोरिया, तोदोरोकी. जपानीत ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांना जीभ लावून येतात. आपण रोमन लिपीतून वाचतो म्हणून टोडोरोकी करतो. देवनागरी हाताशी असताना ही उलटी वाट कशाला?

कोरा_कागद :
तोदोरोकींचं घर माझ्याकडे. :)

आडनाव म्हणजे गडगडाट, आणि लिहिताना गाडीची खूण तीनदा काढतात. बैलगाड्यांची रांग दगडी रस्त्यावरून जाताना जो आवाज येईल तो. बाप एंजी : ‘एन’ ज्वाला, ‘जी’ कारभार पाहणे. आई रेई म्हणजे थेट ‘थंड’. तिचं माहेरचं आडनाव हिमुरा, त्यातला ‘हि’ म्हणजे बर्फ (आपल्या ‘हिमा’शी नातं जोडू नका, मोह मलाही झाला होता). मुलं चार. थोरला तोया, नावात ‘दिवा’ आणि ‘बाण’. मग फुयुमी, ‘हिवाळा’ आणि ‘सुंदर’. नात्सुओमध्ये ‘उन्हाळा’. आणि शेंडेफळ शोतो : ‘शो’ म्हणजे करपणे, ‘तो’ म्हणजे गोठणे. त्या ‘शो’च्या खुणेला उतावीळ होण्याचाही अर्थ आहे. आपल्या ‘होरपळणे’सारखं, कातडीचंही आणि जिवाचंही.

आता लग्न. या जगात नायक हा पेशाच, आणि त्यांची क्रमवारी लागते. एंजी ऊर्फ एंडेव्हर बरीच वर्षं दुसऱ्या क्रमांकाचा नायक. पहिल्याला आपण गाठू शकत नाही म्हणून आग आणि बर्फ दोन्ही असलेलं मूल हवं, त्यासाठी बर्फवाली बायको केली. जपानीत याला ‘कोसेई-कोन’ म्हणतात, कोसेईसाठी केलेलं लग्न. मला वाटतं ‘गुण’ या शब्दाची लॉटरी इथे लागते. छत्तीसपैकी किती जुळले हे आपण अजूनही पत्रिका पसरून मोजतो. एंजीने फक्त एकच गुण मोजला, आणि तोही न जुळणारा शोधून काढला.

नात्यांची हाक मराठीत फारच सोपी जाते. शोतो बहिणीला ‘ने-सान’ म्हणतो. इंग्रजीत तिथे नुसतं फुयुमी उरतं, आपण सरळ ‘ताई’ म्हणावं. बापाचा उल्लेख सुरुवातीला ‘कुसो ओयाजी’ असा करतो. ‘वडील’ किंवा ‘बाबा’ चालणारच नाही, ‘बाप’ हवा, आणि त्याच्या आधी एक सणसणीत विशेषण. ते इथे लिहीत नाही, आजी ऐकतायत.

तिठा :
बाकुगोचंही सांगा कुणीतरी. त्याची आई कातडीतून ग्लिसरीन सोडते, बापाचा घाम आम्लासारखा. दोन्ही मिसळून पोराच्या तळहातावर स्फोटक घाम. नावही तसंच मिसळलेलं. बाप मासारु, आई मित्सुकी. कात्सुकीमधलं ‘कात्सु’ ही बापाच्या नावाचीच खूण, ‘जिंकणे’, फक्त वाचन वेगळं. ‘की’ आईच्या नावातून, अर्थ ‘स्वतः’. आपल्याकडे बाप मुलाच्या नावामागे उभा राहतो आणि आईला कागदावर जागा मिळायला १ मे २०२४ उजाडावा लागला. इथे दोघंही पोराच्या नावातच घुसलेत.

आषाढसरी :
बेडकासारख्या जिभेच्या त्सुयू आसुईला विसरू नका! आडनावात बेडूक आहे, आणि ‘त्सुयू’ म्हणजे जून-जुलैचा जपानी पावसाळा. धाकटा भाऊ सामिदारे, म्हणजे जुन्या पंचांगातल्या पाचव्या महिन्याचा पाऊस. धाकटी सात्सुकी, म्हणजे तो पाचवा महिना. एकाच पावसाची तीन नावं, तीन भावंडं. मराठीत मी त्सुयूला ‘आर्द्रा’ म्हणून टाकलं असतं. नक्षत्र तेच, मुलीचं नाव तेच, आणि बेडूक ओरडायला लागतात तेही तेव्हाच.

मोमो याओयोरोझूही बघा. आडनाव ‘ऐंशी लाख’, नाव ‘शंभर’. जपानी देवांची संख्या अशीच ऐंशी लाख सांगतात. आपले तेहतीस कोटी ऐकून त्यांना घाम फुटेल.

जुनी_वही :
नावांचे खेळ नेहमीच अंगाशी सुखरूप बसत नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये एका खलनायक डॉक्टरचं नाव ‘मारुता शिगा’ असं छापून आलं. मारुता म्हणजे ओंडका. दुसऱ्या महायुद्धात हार्बिनजवळ जपानी सैन्याच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीने जिवंत माणसांवर प्रयोग केले, त्या माणसांना हाच शब्द वापरत. आणि हा डॉक्टरही माणसांवर प्रयोग करणारा. चीन-कोरियात संताप उसळला, चिनी संकेतस्थळांनी मालिका काढून टाकली. लेखक आणि प्रकाशकांनी माफी मागून नाव बदललं. तसा हेतू नव्हता असं त्यांनी सांगितलं, पण एवढ्या वजनाचा शब्द संपादकांच्या नजरेतून सुटावा हे मला पटत नाही.

कोरा_कागद :
एक राहिलं. (पुढे रहस्यभेद आहे, भाचीला विचारून वाचा.) दाबी, मालिकेतला एक खलनायक. हे नाव त्याने स्वतः घेतलंय. जपानी बौद्ध परंपरेत दाबी म्हणजे दहनसंस्कार, आणि शब्द गेलाय आपल्याकडूनच : पालीतलं ‘झापेति’, जाळतो. चीनमार्गे जाताना ‘झ’चा ‘द’ झाला. आणि हा दाबी म्हणजे तोदोरोकींचा मेला असं समजलेला थोरला, तोया.

उंबरठा :
सगळ्यांचे आभार. ‘गुण’ पास झाला. ‘निर्गुणी’ भाचीला इतका आवडला की आता मलाच म्हणते.

दाबीचा अर्थ काल रात्री जेवताना आईला सांगितला. हातातला घास तसाच राहिला तिचा.
“असलं नाव कुणी ठेवलं त्याला?”
“त्यानंच.”
“आणि आधीचं?”
“तोया. त्यात दिवा आहे.”
ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “आई कुठल्या नावानं हाक मारते?”
भाची ताटातून मान वर न करता म्हणाली, “तोयाच म्हणते गं.”