उत्तर: तोच ऑप्टिमस पुन्हा का घ्यायचा?

‘१९८४चा ऑप्टिमस प्राइम कपाटात असताना पुन्हा तोच कशाला?’ असं ट्रान्सफॉर्मर्समधल्या या ट्रकचा रोबो होणाऱ्या नायकाच्या खेळण्याबद्दल विचारलंत. अहो, तो ‘तोच’ नसतो! मूळ खेळणं ताकारा या जपानी कंपनीच्या डायाक्लोन या आधीच्या रोबो-खेळण्यांच्या मालिकेतलं. ट्रान्सफॉर्मर्सचं कार्टून नंतर आलं, म्हणून चेहरामोहरा जुळत नाही. मुठी तर सुट्या, आणि त्या हमखास हरवायच्या. संग्राहकांसाठीच्या मास्टरपीस (एमपी) मालिकेत २००३चा एमपी-१ धिप्पाड आणि धातूमुळे चांगलाच जड. २०११चा एमपी-१० आटोपशीर, मालिकेतल्या बाकीच्या रोबोंशेजारी शोभणारा. २०१९चा एमपी-४४ थेट पडद्यावरून उतरल्यासारखा, पण ट्रकचा रोबो करताना घाम फुटतो. एकच घ्यायचा तर माझं मत एमपी-१०ला. ट्रकमागच्या ट्रेलरसाठी मात्र आधी कपाटाची फळी मोजा. कार्टूनमध्ये तो आपोआप गायब व्हायचा, घरी होत नाही.