इंटर्नना पॅलिएटिव्ह केअर (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा) शिकवायची तर सुरुवात कुठून करावी?

खानापूर_एमओ:
आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बेळगावहून इंटर्न येतात. पोरं हुशार आहेत, पण केमो थांबवून घरी पाठवलेला पेशंट समोर आला की पॅरासिटामॉल लिहितात आणि "मोठ्या दवाखान्यात दाखवा" म्हणून मोकळे होतात. कणकुंबीकडचा माणूस भर पावसाळ्यात पुन्हा बेळगाव कसं गाठणार? आठवडाभर हाताशी आहे. काय घोटून घेऊ?

आधी_दुखणं:
स्लाइड नकोत. पहिले दोन दिवस फक्त तोंडानं द्यायचं मॉर्फिन, म्हणजे अफूच्या जातीचं जोरदार वेदनाशामक. श्वास थांबेल, सवय लागेल, या दोन भीतींपायी इंटर्न हात आखडता घेतात. बेतानं वाढवत नेलं तर दोन्हींचा धोका फार कमी.

कागदावर हिशेब करून घ्या: 5 मिलिग्रॅम सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 ला, आणि रात्री 10 ला दुप्पट, म्हणजे 2 वाजता उठवावं लागत नाही. दिवसाचे झाले 30. मध्येच कळ आली तर त्याचा सहावा भाग, म्हणजे 5 जादा. जादा डोस वरचेवर लागले तर दुसऱ्या दिवशी एकूण मात्रा 30 ते 50 टक्क्यांनी वाढवायची. "दुखलं तर घ्या" असं चिठ्ठीवर लिहिलं की सगळं फसलं. दुखणं चढल्यावर घेतलेली गोळी त्याच्या मागं धावत राहते.

त्याच चिठ्ठीवर, न विसरता, रात्री पोट साफ करणारं बिसाकोडिल 10 मिलिग्रॅम. गुंगी तीन-चार दिवसांत ओसरते, मळमळही आठवडाभरात. बद्धकोष्ठता मात्र जात नाही. चौथ्या दिवशी पोट फुगलं की घरचे मॉर्फिनच बंद करतात. ट्रॅमाडॉल (त्याच जातीचं सौम्य औषध) चालू असेल तर थांबवा, दोन्ही एकदम नकोत. त्याच जातीच्या फेंटानिलच्या, कातडीवर चिकटवायच्या पॅचनं सुरुवात तर मुळीच नको: तासाला 25 मायक्रोग्रॅमचा पॅच म्हणजे दिवसाला साधारण 60 ते 90 मिलिग्रॅम मॉर्फिन, शिवाय असर यायला 12 ते 24 तास.

निपाणी_सिस्टर:
वरच्या हिशेबात किडनी राहिली की ओ. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी कमी चालत असेल किंवा पेशंट म्हातारा, वाळलेला असेल तर 2.5 नं सुरू करा आणि अंतर सहा-आठ तासांचं ठेवा. अंग झटके मारायला लागलं, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, माणूस हाकेला ओ देईना, तर औषध साचायलंय असं समजा. दर दोन दिवसांनी फोन करून विचारायचं.

आणि जखमा शिकवा. आमच्याकडं तंबाखूपायी तोंडाचे कॅन्सर पुष्कळ, गालाला भोक पडून वास सुटलेला असतो. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात सपाट चमचाभर मीठ, त्यानं धुणं, मग वास कमी करायला मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक गोळ्यांची बारीक पूड जखमेवर. जुनं गॉज सुकं असताना ओढू नये, भिजवून काढावं. रक्त लागतं ते त्या ओढण्यानं. मोठा रक्तस्राव होईल अशी शंका असेल तर घरात गडद रंगाचे टॉवेल आधीच काढून ठेवायला सांगा. पांढऱ्या चादरीवर रक्त दिसलं की घरचे हबकतात.

वडगाव_फिजिशियन:
गोळ्या दोन दिवसांत येतात. बोलणं येत नाही, त्याला उरलेला आठवडा द्या. लेक दारातच अडवून म्हणतो, "बाबांना सांगू नका." इंटर्न एकतर मान डोलावतो, नाहीतर आत जाऊन सगळं ओकतो. लेकाला आधी विचारावं, कशाची भीती वाटतेय, मग खुर्ची ओढून बाबांना, "तुम्हांला काय झालंय असं वाटतंय?" बऱ्याचदा त्यांना ठाऊक असतं. पुढं किती ऐकायचंय ते त्यांनाच ठरवू द्यावं. इंटर्नला मराठी येत नसेल तर दुभाषी म्हणून लेक नको, आशाताई घ्या. लेक नको ते गाळतो.

दुखण्याची जातही तोंडी विचारण्यातूनच कळते. आग, मुंग्या, वीज चमकल्यासारखं असलं तर नुसतं मॉर्फिन पुरत नाही. नसांच्या अशा दुखण्याला रात्री अॅमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅमपासून.

खानापूर_एमओ:
आमच्याकडं मॉर्फिनच नाही. त्याचं काय करू?

आधी_दुखणं:
एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात 2014 ला दुरुस्ती झाल्यापासून आपलं केंद्र मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था झालं की भागतं, पूर्वीसारखे चार-पाच परवाने लागत नाहीत. मान्यता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून. तोवर बेळगावात मान्यता असलेल्या दवाखान्यात पेशंटची नोंद करून घ्या आणि नातेवाइकाला चिठ्ठी देऊन पाठवा. पावसाळ्याआधी साठा जरा जास्त मागा. पेशंट गेल्यावर उरलेल्या गोळ्या मोजून परत घ्यायच्या आणि रजिस्टरला लिहायच्या, हे इंटर्नकडूनच करवून घ्या.