‘भामटा’: कृत्याचे नाव की जन्माचे?

प्रश्न : ‘पोलीस असल्याची बतावणी करून भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले’ अशा बातम्या नेहमी वाचनात येतात. ‘लबाड’ आणि ‘भामटा’ यांच्या अर्थांत नेमका फरक कोणता?

उत्तर : लबाडी घरातल्या माणसाचीही असते, भामटा मात्र अनोळखी असतो आणि विश्वास संपादून गंडा घालतो. परंतु भामटा हे एका समाजाचेही नाव आहे. महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत बेरड, कैकाडी, रामोशी, वडार यांच्याबरोबर ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ या नोंदी आहेत. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात एखाद्या मुलीसाठी जो शब्द लिहिला जातो, तोच तिला सकाळच्या वर्तमानपत्रात चोराला लावलेला दिसतो.

गुन्हा परिस्थितीमुळे घडतो की स्वभावामुळे, हा वाद जुना आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने स्वभावाचा दोष एका माणसावर न ठेवता अख्ख्या जमातीवर ठेवला. नोंद झालेल्याला पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा लोकांची वसाहत होती. त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. भामट्यांच्याच नोंदीत येणारे टकारी जात्याला टाकी लावून, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने पुन्हा खरखरीत करून, पोट भरत. पिठाच्या गिरण्या आल्या, ते काम आटले आणि हजेरीच्या जाचामुळे दुसरे काम शोधायला बाहेर पडणेही अवघड झाले. अशा माणसाच्या चोरीला स्वभाव म्हणणे मला पटत नाही. 1952 मध्ये कायदा रद्द झाला, त्यातून सुटलेल्या जमातींसाठी ‘विमुक्त’ हा शब्द रूढ झाला. ‘भामटा’ मात्र शिवीच राहिला.

प्रश्न : मग ‘उचल्या’ आणि ‘सराईत गुन्हेगार’ हे शब्दही टाळावेत का?

उत्तर : ‘सराईत’ टाळण्याचे कारण नाही. सराईत म्हणजे सरावलेला. सराव अंगवळणी पडतो, कोणी तो घेऊन जन्माला येत नाही. ‘उचल्या’ हा शब्द उचलण्याच्या क्रियेवरून आला असला, तरी तोही याच लोकांवर शिक्क्यासारखा मारला गेला आहे, म्हणून मी ‘भुरटा चोर’ असे लिहितो. वरच्या बातमीसाठी तर ‘तोतया पोलीस’ हा अधिक नेमका शब्द आपल्याकडे आहेच.

यादीतल्या नावाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ‘राजपूत भामटा’मधून ‘भामटा’ वगळण्याची मागणी झाली, तेव्हा विमुक्तांमधूनच तिला विरोध झाला, कारण तो शब्द गेल्यास नुसते ‘राजपूत’ उरेल आणि विमुक्तांच्या सवलतींत इतर राजपूतही शिरतील, अशी त्यांना धास्ती वाटत होती.