छोट्या स्टार्टअपने मुलाखतीत फुकट असाइनमेंट मागावी का?

धागाकर्ती:
माझं मत आधीच सांगते. मागू नये, आणि मागितलीच तर पैसे द्यावेत.

गेल्या महिन्यात बारा जणांच्या एका स्टार्टअपमध्ये मुलाखत दिली. पहिला कॉल थेट फाउंडरशी. माणूस मनापासून बोलला, मलाही काम आवडलं. मग असाइनमेंट आली: बुकिंगचं अख्खं मॉड्यूल, लॉगिनसकट. 'चार तासांचं काम आहे' म्हणाले. माझे शनिवार-रविवार दोन्ही गेले, मुलीला आईकडे ठेवावं लागलं. पाठवल्यावर 'मिळालं, थँक्स' एवढा मेसेज आणि पुढे काहीच नाही. तीन मेल केले, एकालाही उत्तर नाही. नकार मी पचवला असता. पण 'नाही' लिहायला असा किती वेळ लागतो?

सात जणांचा फाउंडर:
उत्तर न देणं चूकच. पण असाइनमेंट मी सोडणार नाही. आम्ही सात जण आहोत, एक माणूस चुकला की सगळ्यांचं काम अडतं. एकदा नुसत्या गप्पांवर एका मुलाला घेतलं. बोलण्यात फार हुशार होता. तीन महिन्यांत त्याला थांबवावं लागलं. त्याची ती पहिलीच नोकरी होती, ते मला अजून टोचतं. श्मिट आणि हंटर या संशोधकांनी १९९८ मध्ये निवडीच्या पद्धतींचा आढावा घेतला. निवडलेला माणूस पुढे काम कसं करेल हे ओळखण्यात प्रत्यक्ष काम करून घेणं हीच पद्धत त्यातही सर्वांत वर होती.

भरतीत दहा वर्षं:
तो आढावा आता पुरेसा नाही. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे नव्याने तपासले, तेव्हा कामाचा नमुना करून घेण्याचा नंतरच्या कामगिरीशी असलेला सहसंबंध (१ म्हणजे अचूक अंदाज, ० म्हणजे काहीच संबंध नाही) ०.५४ वरून ०.३३ वर आला. सर्वांत वर आली ती आखीव मुलाखत, ०.४२. म्हणजे प्रत्येकाला तेच प्रश्न आणि गुण देण्याचे निकष आधीच ठरलेले. याला तासभर पुरतो. छोट्या कंपन्यांत नेमकं हेच होत नाही. एकाला डेटाबेस विचारतात, दुसऱ्याशी छंदांवर गप्पा मारतात आणि शेवटी 'आपल्यात जमेल' वाटलं त्याला घेतात.

पहिली नोकरी:
ताई, माझं उलटं आहे. माझ्याकडे ना मोठं कॉलेज, ना ओळख. असाइनमेंट नसती तर मला कुणी विचारलंच नसतं. पुढच्या कॉलवर त्यांनी माझा कोड स्क्रीनवर उघडला आणि विचारलं, 'हे फंक्शन इथे का तोडलंस?' अर्धा तास फक्त त्यावर बोललो. निवड झाली नसती तरी तो अर्धा तास माझा होता. पैसे द्यायची अट घातली तर कंपन्या चारच जणांना असाइनमेंट देतील, आणि त्या चारांत मी नसेन.

धागाकर्ती:
तुझा शेवटचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तुझा कोड कुणीतरी उघडला. मी डेमो माझ्याच सर्व्हरवर टाकला होता. काल लॉग बघितला. तीन आठवड्यांत ती लिंक माझ्याशिवाय एकानेही उघडलेली नाही. कोड ठेवला होता त्या रिपॉझिटरीचं आमंत्रणही अजून तसंच पडलंय, स्वीकारलेलंसुद्धा नाही.

सात जणांचा फाउंडर:
हे वाईट आहे. पैशांचं मात्र मला अजून पटत नाही. वीस जणांना द्यायला आमच्याकडे नाहीत.

धागाकर्ती:
मग वीस जणांना देऊ नका. पाच जणांना बोलवा आणि दीड तास शेजारी बसून काम करून घ्या. उमेदवाराचा दीड तास गेला तर तुमचाही जाईल. घरी करायला दिलेल्या कामात तुमचं काहीच जात नाही, म्हणून ते वीस जणांना सहज दिलं जातं. या नव्या मुलासारख्यांना त्या पाचांत घ्या, कॉलेजचं नाव न बघता.